हाक ऐकून थांबलेला चोर

१

धाकल्याची वेल चोरीला गेली आणि तो पोलीस चौकीत न जाता माझ्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. दिवाळी नुकतीच सरली होती, रविवार होता, आणि सुट्टीच्या दिवशी कुणाचं तोंड बघायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

"सिस्टरबाई, कुनीतरी वेल नेली," तो म्हणाला. "मुळासकट."

मी दिघाशीतली सरकारी नर्स. नाव सुवर्णा, पण इतक्या वर्षांत ते गावात कुणी वापरलेलं मला आठवत नाही. धाकल्या डोंगराकडच्या पाड्यावर राहतो आणि जखमांना पाला बांधतो. कोयता लागलेले, लूमच्या पट्ट्यात बोट सापडलेले, पत्रा कापलेले, सगळे आमच्या दोघांमध्ये वाटले जातात. धनुर्वाताचं इंजेक्शन माझं, पाला त्याचा. टाके घालण्याजोगी जखम तो हात न लावता माझ्याकडे पाठवतो. माझा पेशंट पट्टीला कंटाळून त्याच्या झोपडीकडे वळला, की मी पाहून न पाहिल्यासारखं करते. या वाटणीवरून आम्ही भांडलोही पुष्कळ, पण ते सोडा.

साध्या जखमेला तो कंबरमोडीचा पाला लावतो. तो शेताच्या कडेला कुठेही उगवतो आणि शेंबड्या पोरालाही माहीत असतो. पण दिवसेंदिवस भरत नाही अशी हट्टी जखम असली, तर त्याला ही वेल लागायची. तिचं नाव मला माहीत नाही, कारण औषधाचं नाव तोंडानं घ्यायचं नाही असा त्याचा नेम. आमच्या भागात ती एवढी एकच उरली होती, त्याच्या झोपडीमागच्या बांधावर.

"दुसरीकडे नाही मिळणार?" मी विचारलं.

"कुठं? समदीकडं गोडाऊनं उठली. मंगळी बारकी व्हती तवा आम्ही दोघं पार दापोड्याच्या माळापातूर..."



मंगळी त्याची एकुलती मुलगी. आईवेगळी वाढली, बापाच्या मागे मागे रानात फिरली. बापानं आपली विद्या तिला दिली, कारण ती जन्मजात अबोल होती. माझ्याकडे पट्ट्या न्यायला यायची तेव्हा कोपऱ्यात उभी राहून मी जखम कशी धुते ते एकटक बघायची. तिला नर्स करायचं माझ्या मनात होतं. मग तिनं निजामपुऱ्यातल्या विठू नावाच्या लूम कामगाराशी लग्न केलं, परजातीतल्या. धाकल्यानं सगळ्या पाड्यासमोर तिला सांगितलं, आजपासून तुझं माझं बोलणं बंद. तिनं मान हलवली आणि गेली. त्याला आता सात-आठ वर्षं झाली. शेअर रिक्षात शेजारी कुणी सावळी, उंच पोरगी बसली की मी अजूनही वाकून तोंड बघते. मला तिची फार आठवण येते, आणि हे मी धाकल्याला कधी बोलून दाखवलेलं नाही.

"धोंडूबाईच्या पायाचं काय आता?" मी विषय बदलला. तिच्या पायावरची जखम माझ्या पट्ट्यांनी स्वच्छ झाली होती, पण भरत नव्हती. धाकल्या सोमवारपासून तिला पाला बांधणार होता.

"म्हनून तर आलो. वेल न्हाय तर मी कोन? निसता म्हातारा." त्यानं डोळे पुसले. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनला तो घाबरतो. "मला माझी वेल शोधून द्या. आन् बाई, चोर मी बघितला."

२

बांधावर परातीएवढा खड्डा होता. धाकल्यानं मला सगळं दाखवलं. उजाडताना तो तोंड धुवायला बाहेर आला, तेव्हा गवतात कुणीतरी पाठमोरं उभं होतं.

"गडी मानूस. अंगात शर्ट, डोक्याला फडकं. मला तेवढंच दिसलं."

"पँट होती की लुंगी?"

"खाली गवात व्हतं कंबरंपातूर. मी हाक मारली, कोन हाय? तो थांबला. जागच्या जागी. मी परत हाक मारली. तरी उभाच. तोंड न्हाय फिरवलं, बोलला न्हाय. मंग चालत गेला."

"पळाला नाही?"

"न्हाय. सावकाश गेला. काय मस्ती बघा चोराची!"

मला मात्र ती मस्ती वाटेना. मी खड्ड्याशी उकिडवी बसले. कुदळीचा घाव कुठेच नव्हता. खुरप्यानं गोलाकार, हळूहळू माती कापून अख्खा गोळा उचललेला होता, जखमेभोवतीची मेलेली कातडी मी जशी काढते तसा. खड्ड्याच्या काठावर तांदळाचे दाणे होते. मुंग्यांनी थोडे नेले होते, थोडे बाकी होते.

"हे तुम्ही टाकलेत?"

धाकल्या खाली वाकला, बोटांनी चाचपलं. त्याच्या पाड्यावर औषध घ्यायच्या आधी झाडाला तांदूळ वाहतात, परवानगी मागतात. त्याचा चेहरा काळवंडला.

"म्हंजे आपल्यातलाच हाय," तो म्हणाला. "राघो! त्यालाच मी पाड्यात बसवून समद्यांसमोर जाब इचारतो."

राघो त्याचा पुतण्या. मी काही बोलणार तोच माझा पदर बांधाच्या कडेच्या करवंदीत अडकला. सोडवताना काट्याला अडकलेलं आणखी काहीतरी हाताला लागलं. पातळ, चिकट, पारदर्शक प्लास्टिकची पट्टी. गोडाऊनमध्ये खोक्यांच्या थप्पीला गुंडाळतात ना, ती फिल्म.

झाडाला तांदूळ वाहणारा माणूस वेल गोडाऊनच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेऊन गेला होता.

३

राघो दुपारी टेंपो घेऊन दवाखान्यावर आला. हा माणूस झोपेतसुद्धा बोलत असावा. मी एक प्रश्न विचारला की तो चारांची उत्तरं देतो, त्यामुळे त्याची चौकशी सोपी असते.

"मी? काका माझ्यावर घेतो? अवो बाई, मी कालपासून वाड्याला अडकलेलो. टेंपोचा पाटा तुटला, रातभर गॅरेजात. गॅरेजवाल्याला फोन लावू? हा घ्या, लावला."

त्यानं खरंच लावला. गॅरेजवाल्यानं खरंच सांगितलं, आणि वर राघोनं रात्रभर डोकं खाल्ल्याची तक्रार केली.

"पण तुला विद्या हवी होती ना?"

"व्हती. मंगळी गेल्यावर काका म्हनला ये, शिकवतो. पयल्याच दिवशी हाकलला." राघो हसायला लागला. "पाला तोडला, घराकडं निघालो. त्याचा नेम हाय, पाला हातात घेतला का जखमंवर बांधेपातूर वाटंत कुनाशी बोलायचं न्हाय. कुनी हाक मारली तरी ओ द्यायची न्हाय. बोललं का गुन जातो म्हनं. आन् माझा मोबाईल वाजला. मी उचलला. काकानं पाला हिसकावला आन् फेकून दिला! आता मला सांगा बाई, फोन उचलल्यानं पाल्याचा गुन जातो? तुमच्या मलमाचा जातो?"

मी त्याला गप्प राहायला सांगितलं. नेहमीप्रमाणे तो राहिला नाही. पण माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. मला एक जुनी सकाळ आठवली. मी नवीन होते. एसटीच्या थांब्यावर धाकल्या माझ्या शेजारून गेला. मी हाक मारली तर थांबला, मान खाली घातली आणि तसाच पुढे निघून गेला. किती राग आला होता मला! त्याच्या मागे एक सात-आठ वर्षांची मुलगी होती. तीही तशीच थांबली होती, तशीच मान खाली घालून.

"प्लास्टिक गोडाऊनचं," मी स्वतःशीच म्हणाले.

"मंग भूपेशशेठला विचारा," राघो लगेच म्हणाला. "तीनदा येऊन गेला वेल मागायला. काका, मलम काढू, डबीवर तुझा फोटो छापू! काकानं कुत्रं सोडलं त्याच्यावर."

४

सोमवारी मी भूपेशच्या गोडाऊनवर गेले, दापोड्याला. बाहेर कंटेनरांची रांग, आत खोक्यांचे डोंगर, आणि मधोमध काचेच्या केबिनमध्ये भूपेश. त्यानं मला मान दिला, चहा मागवला. कधीकाळी त्याची बोटं खोक्याच्या पट्टीनं कापली होती तेव्हा मीच टाके घातले होते.

"ताई, मी वेल मागितली, खोटं कशाला बोलू? पण चोरीन कशाला? तो बांधच माझा आहे. जमीन घेतली मी. आज सकाळी जेसीबी लावला तिथे."

चहाचा कप माझ्या हातातच राहिला. "धाकल्याला माहीत आहे?"

"त्याची झोपडी सोडून बाकी सगळं. सांगायला माणूस पाठवला होता, त्यानं त्याच्यावरही कुत्रं सोडलं." भूपेशला हसू आलं, मग त्यानं ते गिळलं. "वेल मला न्यायचीच असती तर जेसीबीवाल्याला सांगून कुंडीत काढून घेतली असती, दिवसाढवळ्या."

हे बिनतोड होतं. आपल्याच बांधावरची वेल चोरायला कुणी उजाडताना गवतात लपून येत नाही.

"बांध सोमवारी निघणार हे कुणाला माहीत होतं?"

"इथं सगळ्यांनाच. शनिवारी ह्या पॅकिंगच्या टेबलापाशी उभा राहूनच मी कल्पेशशी बोललो."

कल्पेश जेसीबीवाला. तो मला बांधावरच सापडला, म्हणजे बांध जिथे होता तिथे. आता तिथे सपाट लाल माती होती. करवंद नाही, गवत नाही, खड्डाही नाही. यंत्र बंद करून तो डबा खात बसला होता.

"मी नाय ताई. मी आलो तेव्हा खड्डा होताच. पण एक सांगू? शनिवारी चहाच्या टपरीवर एकीनं विचारलं मला. पक्का सोमवार का? थोडा उशीर नाय का करता येणार? मी म्हटलं शेठची ऑर्डर आहे. ती गप उभी राहिली. मग गेली."

"कोण होती?"

"पॅकिंगवाली. तोंड नाय दिसलं. सगळ्या सारख्याच दिसतात, डोक्याला फडकं आणि साडीवर नवऱ्याचा शर्ट. धूळ असते ना."

साडीवर शर्ट. मी त्या सपाट मातीकडे बघत उभी राहिले. मला चोर कळला होता, आणि कळल्याबरोबर मला रडूच कोसळलं. कल्पेशनं घाबरून आपली पाण्याची बाटली पुढे केली.

५

धाकल्या झोपडीच्या दारात बसला होता. झोपडीमागचा बांध गेलेला त्याला दिसत नव्हता, पण यंत्राचा आवाज त्यानं दिवसभर ऐकला होता.

"राघोला बोलावनं धाडलंय," तो म्हणाला. "पाड्यासमोर विचारतो."

"राघो नाही. तो वाड्याला होता." मी त्याच्या शेजारी बसले. "आणि तो असता तर तुमच्या पहिल्याच हाकेला, मी हाय काका, म्हणून मोकळा झाला असता."

"मंग तो शेठ."

"बांध शेठनं विकत घेतलाय. आज तो निघाला. वेल काल गेली नसती तर आज यंत्राखाली गेली असती, बाबा."

मी पुढे बोलत राहिले, कारण थांबले असते तर मला जमलं नसतं.

"चोरानं वेल मोडली नाही, गोळ्यासकट उचलली. म्हणजे ती जगवायची होती. जगवायची घाई त्यालाच असणार, ज्याला बांध जाणार हे कळलं होतं. ते कळलं भूपेशच्या गोडाऊनमध्ये, पॅकिंगच्या टेबलावर. तिथलंच प्लास्टिक करवंदीला अडकलं होतं. पण गोडाऊनमधल्या कुणाला झाडापुढे तांदूळ ठेवायचं सुचेल? पाड्यावरच्या माणसालाच. आता तुम्ही म्हणाल गडी होता. तुम्हाला शर्ट दिसला, फडकं दिसलं, खाली गवत होतं. तिथल्या बायका साडीवर शर्ट घालतात."

त्याचा हात जमिनीवर काहीतरी शोधू लागला.

"आणि ती हाक. तुम्ही म्हणालात मस्ती. चोर असता तर पळाला असता. मस्तीखोर असता तर थांबला नसता. जो थांबतो आणि तरी बोलत नाही, त्याच्या हातात औषध असतं. पाड्यावर हा नेम सगळ्यांना ठाऊक आहे, पण चोरी करतानाही तो पाळील असं माणूस तुम्ही एकच घडवलंत."

पलीकडे कल्पेशनं यंत्र परत सुरू केलं.

"मनात आलं व्हतं," धाकल्या अखेर म्हणाला. "ती उभी राहिली तवाच. पाठ बघून. पन आल्याबरोबर मी ते मारून टाकलं. बाई, मानूस एवढी आस किती येळा धरनार?"

मग त्यानं राघोला निरोप धाडला, पाड्यात बसायचं नाही, टेंपो घेऊन ये.

६

निजामपुऱ्याच्या गल्ल्यांत लूमची खटखट इतकी, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. वाटेत गोडाऊनच्या फाटकावर थांबून मी मंगळीचा पत्ता विचारून घेतला होता. राघो मोठ्या रस्त्यावर टेंपोपाशी थांबला, आणि त्याला थांबवताना मला माझा सगळा आवाज खर्च करावा लागला. धाकल्या माझा खांदा धरून चालला होता. जन्मभर रानात निवांत वावरलेला माणूस, प्रत्येक दाराशी दचकत होता.

खोलीबाहेर निळं पिंप अर्धं कापून ठेवलं होतं. त्यात माती, आणि मातीत ती वेल, खिडकीच्या गजाला चिंधीनं बांधलेली. चार-दोन पानं गळून पडली होती. शेंडा ताजा होता.

मंगळी दारात आली. अंगात अजून नवऱ्याचा शर्ट होता. विठू ड्युटीवर होता. ती थोडी जाडावली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण उभी राहायची तशीच उभी राहिली, एका बाजूला, मान किंचित खाली. मला तिला मिठी मारावीशी वाटत होती. मी पिंपाकडे बघत राहिले.

"जगली का?" धाकल्यानं विचारलं. तो नेमका कुणाशी बोलतोय हे कळू नये असा त्याचा सूर होता.

"जगली," ती म्हणाली. "मुळं धरली का सिस्टरबाईंच्या हाती धाडनार व्हते."

"आधीच का नाही सांगितलंस मला?" मी न राहवून बोलले. "मी आणली असती ना काढून!"

"तुम्ही बाला इचारलं असतं. बानं वेल यंत्राखाली जाऊ दिली असती, पन माझ्या दारात ठेवू दिली नसती."

धाकल्यानं हे नाकारलं नाही. तो हात पुढे करून पिंपापर्यंत आला, शेंडा चाचपला, मातीची ओल बघितली. आवडलं की नाही ते बोलला नाही.

"आयतवारी मी हाक मारली."

"ऐकली."

"दोनदा मारली."

"वेल हातात व्हती, बा." तिचा आवाज लूमच्या आवाजात बुडत होता, म्हणून ती जवळ आली. "पयल्या हाकंला पाय उचलंनात. दुसऱ्या हाकंला वाटलं, टाकून द्यावी खाली आन् बोलावं. तुजा आवाज किती बारीक झालाय! पन मी बोलले असते आन् तिचा गुन गेला असता, तर तू मंग काय केलं असतंस?"



"मी पाड्यावर सांगितलं चोर म्हनून," तो म्हणाला.

"सांगितलं तर सांगितलं."

त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि एकदम कामाचं बोलायला लागला. "धोंडूबाईचा पाय भरत न्हाय. चार पानं पायजेत."

मला त्याचा असा राग आला! सात-आठ वर्षांनी लेक समोर उभी, आणि ह्याला धोंडूबाईचा पाय सुचतोय. पण मंगळीला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती आत जाऊन हात धुऊन आली. मुठीतले तांदूळ तिनं पिंपातल्या मातीवर ठेवले, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत परवानगी मागितली आणि शेंड्याखालच्या पानाला हात घातला.

धाकल्यानं चाचपडत तिचं मनगट पकडलं.

"आत्ता नको," तो म्हणाला. "पानं एकदा हातात आली का घरपातूर माझं तोंड बंद. मला तुज्याशी लई बोलायचं हाय."

मंगळीनं पान सोडलं. बापाचा हात मात्र तिनं सोडला नाही. मी गल्लीच्या तोंडाशी आले, धोंडूबाईच्या सुनेला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "पट्टी बदलून ठेव गं, पाला आज येत नाही."